आजोबांची तलवार

आमच्या घराण्याचा सारा पराक्रम आजोबांच्या एका कृष्णधवल फोटोत सामावला होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला काका तो समजावून सांगत. म्यानातली तलवार म्हणजे संयम, हाताखालचं जाड पुस्तक म्हणजे विद्या, दूरवर लागलेली नजर म्हणजे भविष्याचा वेध. आजोबा उचगावात म्हशी पाळत आणि सहीऐवजी अंगठा उठवत, एवढं मात्र ते वगळत.

सत्तरच्या दशकात चुलत बहिणीला बघायला कुरुंदवाडची मंडळी आली. आधीची स्थळं फिसकटली होती, म्हणून काकांनी पोह्यांच्या आधीच फोटो सांगायला घेतला. मुलाची आजी उठून जवळ गेली.

"पावणं, ही तलवार कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओतली न्हवं? आमच्या मालकांच्या फोटोत बी हीच हाय. पुस्तक बी हेच. कोट तेवढा त्यास्नी ढगळा व्हता."

बहिणीच्या हातातले पोहे निवत होते.

"मग घरं बरोबरीचीच म्हनायची की," म्हणत म्हातारीने बशी उचलली.

लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला आम्ही त्याच स्टुडिओत गेलो. तलवार अजून कोपऱ्यात उभी होती. नवरदेवाने ती उपसून पाहिली. मुठीला पातंच नव्हतं.