आज घरी काय भाजी?

भाजी विकत घेणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे, असं मनापासून मानणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे साडूंना टाळायची सोय नव्हती. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान मुलाच्या हवाली करून ते मोकळे झाले, पण बोटांतलं कापड काही गेलं नाही. मेथीची जुडी हातात आली की ते एक पान चिमटीत धरून चोळत, उजेडाकडे करून बघत आणि समोरच्याला सांगत, "पोत नाही हो याला. धुतल्यावर बसेल." पालक ते देठाला धरून झटकत आणि साडीसारखा मनगटावर पसरून बघत. एकदा आमच्या गल्लीतल्या हातगाडीवाल्याने त्यांना दुधी दाखवला, तर त्यावरून पालथा हात फिरवून त्यांनी विचारलं, "आत कुठे जोड नाही ना?" तेव्हापासून तो गाडीवाला आमच्या दारात थांबत नाही. दुधीसाठी मला चौकापर्यंत जावं लागतं.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. भावाची घासाघीस ते कधीच करत नसत. गिऱ्हाइकांनी जन्मभर आपला जीव खाल्ला, आता आपण दुसऱ्याचा खायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते एकच प्रश्न विचारत, "आज घरी काय भाजी केली?" विकणाऱ्याच्या घरी त्या दिवशी तीच भाजी शिजली असेल तर घ्यायची, नाहीतर पुढे जायचं. जो स्वतः खात नाही तो आपल्याला काय खाऊ घालणार, हा त्यांचा हिशेब. ऐकायला बरा वाटतो, पण या हिशेबाने बुऱ्हाणपुरात कोथिंबिरीची काडीसुद्धा मिळत नाही. कोणी म्हणे, "चाचाजी, घरवालीने क्या बनाया, मेरे को क्या मालूम?" फुलकोबीच्या ढिगामागे बसलेल्या एकाने सरळ सांगितलं, "अंडाकरी." आमचे साडू माळकरी. तरी त्यांनी त्याची पाठ थोपटली, "खरं बोललास बाबा," असं म्हटलं आणि रिकामी पिशवी घेऊन ते घरी आले. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं झालं. त्यांच्याकडे पिठलं फारच वेळा होई.

मग ताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं आणि या वेडातली गंमत संपली. ताई इंदूरहून परत आल्या त्या जेवणावरची वासना गमावूनच. ताट समोर आलं की तोंड फिरवत. डॉक्टर म्हणाले, ताजं खाऊ घाला, आवडेल ते खाऊ घाला, अंगात ताकद आली तर पुढचं बघू. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं होतं, त्यामुळे मला फारशी आशा नव्हती. साडूंनी फक्त शब्द ऐकले. ताईंचं माहेर धूलकोटजवळचं. शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, सगळ्या वाडीने गोल बसून भरीत-भाकरी खायची, हे ताई लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सांगत आल्या होत्या. तेव्हा ठरलं, दर आठवड्याला धूलकोटच्या बाजाराला जायचं आणि तिथल्या मातीतलं वांगं आणायचं. दुसरी पिशवी धरायला माणूस हवा होता. माझी बायको म्हणाली, "ताईसाठी एवढंही होत नाही का तुमच्याकडून?" मी पिशवी घेऊन निघालो.

त्या बसचं वर्णन मी करत नाही, माझी कंबर अजून करते. बाजारात पोचल्यावर यांचा प्रश्न सुरू. भरताची हिरवी वांगी घेऊन बसणारी एक बाई होती. पहिल्या दिवशी ती डाफरलीच, "भाव विचारा ना भाऊ. भाजी का पूछून राहिले?" हे हलेचनात. शेवटी ती हसून म्हणाली, "वांगंच केलं. दुसरं काय राहते घरात?" साडूंचा चेहरा असा उजळला की मला त्यांची भीती वाटली. महिनाभरात ती सगळी ओळ त्यांना ओळखू लागली. हे दिसले की लांबूनच हाका येत, "भाऊ, आज आमच्याकडे गिलकं झालं." "आमच्याकडे पोकळा, भाऊ, लसूण टाकून." मग ताईंची चौकशी. काल किती खाल्लं, झोप लागली का, उलटी तर नाही झाली. कोणी लिंबू देई, कोणी ओवा बांधून देई, एक म्हातारी तर दर वेळी ताई समोरच असल्यासारखी त्यांची दृष्ट काढून बोटं मोडे. या सगळ्यात ऊन डोक्यावर येई. माझ्या गुडघ्यांची चौकशी तिथे कोणी केली नाही.

घरी भरीत झालं की ताई विचारत, "कोणाच्या शेतातलं?" साडू सांगत, "त्या बाईच्याच. तुझ्या धूलकोटचं." ताई डोळे मिटून दोन घास खात. त्या दोन घासांवर साडूंचा पुढचा आठवडा निघे.

एकदा ताईंना दुपारी डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं, म्हणून आम्ही पहाटेची पहिली बस धरली. स्टँडवर डोक्यापासून शाल लपेटलेली एक बाई गोणी बसमध्ये चढवत होती. साडू मदतीला धावले, त्यांचा स्वभावच तो. गोणीचं तोंड सुटलं आणि दोन हिरवी वांगी त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी वाकून उचलली, सवयीने एकावरून अंगठा फिरवला, मान वर केली. शाल घसरलेली, समोर आमची वांगेवाली. गोणी आमच्याच बुऱ्हाणपूरच्या मंडीतून आलेली. म्हणजे ज्या वांग्यांसाठी आम्ही हाडं खिळखिळी करून घेत होतो, ती आमच्याच गावाहून, आमच्या आधीच्या बसने जात होती.

ती पुढे बसली, आम्ही मागे.  सुटलो एकदाचे, असं मला वाटायला हवं होतं. पण मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. दोन्ही बाजूंना केळी, नुसती केळी. भाजीचा एक वाफा दिसेना.

बाजारात ती मांडून बसली तेव्हा साडू समोर जाऊन उभे राहिले. प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी तीच खाली बघत म्हणाली, "आज काहीच नाही केलं भाऊ. अंधारातच केळीच्या गाडीत बसून मंडीत गेली होती मी. पोराने सगळ्या शेतात केळी लावून टाकली. वांग्याला जागा कुठे आहे?" मग हळूच, "वहिनी खातात म्हणून नाही बोलली मी."

साडू खाली बसले. एकेक वांगं चोळून, उजेडात धरून त्यांनी पिशवी भरली. मी म्हणालो, "दादा, तुमच्या नियमाचं काय?" ते म्हणाले, "तिला घरी काय सांगू, तेवढं सांगा."

 संध्याकाळी ताईंनी विचारलं, "कोणाच्या शेतातलं?" विटणारा रंग कधी पक्का म्हणून न विकलेला हा माणूस माझ्यादेखत म्हणाला, "त्या बाईच्याच. तुझ्या धूलकोटचं." ताई म्हणाल्या, "कळतं की. आमच्या मातीची चव लपत नाही." आणि त्यांनी एक घास जास्त खाल्ला. साडू पाणी आणायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

थंडी संपायच्या आत ताई गेल्या. वांगी धूलकोटची असती तरी गेल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. साडूंना ठाऊक आहे की नाही, हे विचारायचा मला धीर झालेला नाही. तापीवर राजघाटाला दहावं झालं, तेरावं झालं, आणि त्यानंतरच्या बाजाराला सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. मी चपला घातल्या.

बाजारात त्या दिवशी लांबून हाका आल्या नाहीत. त्यांचं गंध नसलेलं कपाळ आणि उतरवलेले केस सगळ्यांनी पाहिले होते. साडू वांगेवालीसमोर जाऊन थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, आज घरी काय भाजी केली?"

साडूंनी एक वांगं उचललं आणि न चोळताच परत ठेवलं. मग म्हणाले, "काही नाही केली."

तिने मागचं भाकरीचं फडकं ओढलं, भाकरी मोडली, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. आपल्या बाजूला पोतं पसरून तिने जागा केली. बाजारात उभ्या जन्मात काही तोंडात न टाकलेले माझे साडू त्या पोत्यावर बसले आणि जेवले. पोत त्यांनी पाहिला नाही. येताना पिशवी रिकामीच होती, ती मी धरली.