रंजनाच्या अर्जाला ‘हरकत नाही’

रंजनाच्या अर्जाला मी ‘हरकत नाही’ असं उभ्या आयुष्यात एकदाच म्हटलं, आणि ते ऐकायला ती नव्हती. गेल्या महिन्यातली गोष्ट. नाशिकच्या कोर्टात आमचा एक बांधाच्या वादाचा दावा होता. नेहमीप्रमाणे ती एका बाजूची वकील, मी दुसऱ्या बाजूची. तिला बरं नसतं, उपचारांसाठी मुंबईच्या फेऱ्या चालू आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तारखेला ती चुकत नसे. पुकारा झाला तेव्हा तिच्या जागी तिची सहकारी वकील उभी राहिली. हातात कागद नाही, काही नाही. “रंजनामॅडम आज सकाळी गेल्या, साहेब. पुढची तारीख मिळावी,” एवढंच ती बोलली. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “तुमचं म्हणणं?” मी ‘हरकत नाही’ म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी शरणपूर रोडवरच्या एकाच ज्येष्ठ वकिलांकडे लागलो. माझे वडील वकील, घरात कायद्याची पुस्तकं भिंतभर. रंजना निफाडजवळच्या द्राक्षवाल्यांची मुलगी, रोज एसटीने यायची, आल्या आल्या “लय उकडतंय गं” म्हणत पंख्याखालची माझी खुर्ची बळकावायची. हिला सांभाळून घ्यावं लागेल, असं मला वाटलं होतं… वर्षभरात सर माझे मसुदे परत करताना म्हणू लागले, “अनघा, एकदा रंजनाला दाखवून घे.” ते वाक्य माझ्या कानात अजून चटका देतं. माझा अर्ज चार पानी, निवाड्यांच्या दाखल्यांनी भरलेला. तिचा एक पानी. काय झालं आणि काय हवं, एवढंच. माझा अर्ज न्यायाधीश चाळत, तिचा वाचत. नम्र वगैरे ती अजिबात नव्हती. आपण चांगल्या आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते ती जरीकाठाच्या साडीइतकंच थाटात मिरवायची. मला तिच्या साड्यांचा हेवा वाटे, फाटकापाशी स्कूटर घेऊन तिची वाट पाहणाऱ्या तिच्या नवऱ्याचा हेवा वाटे, आणि कोर्टातले शिपाईसुद्धा तिच्याशी हसून बोलत, त्याचाही. पुढे आम्ही आपापली ऑफिसं थाटली. तिच्याविरुद्धचं काम आलं की मी आनंदाने वकीलपत्र घ्यायची.

हिराबाईंचा दावा तसाच आला. घोटीकडची ही विधवा नवऱ्याच्या वाट्याची भातजमीन मागत होती. तिने हक्क सोडून दिल्याचा कागद दिरांनी पुढे केला होता, तिची वकील रंजना आणि दिरांची मी. उलटतपासणीत रंजनाने थोरल्या दिराकडून एक कबुली काढून घेतली: ज्या दिवशी त्या कागदावर अंगठा उठल्याचं सांगत होते, त्या दिवशी हिराबाई बाळंतपणासाठी माहेरी होती. मी तिथेच बसले होते. मनात म्हटलं, संपलं.

पण संपलं नाही. थोरला दीर त्याच वर्षी वारला. पुढे दावा चालू होता ते तालुक्याचं कोर्ट नव्या इमारतीत हललं, त्या हलवाहलवीत दाव्याची अख्खी फाइल गहाळ झाली. रंजनाने जबानीची सही-शिक्क्याची नक्कल काढून हिराबाईंच्या घरी ठेवायला दिली होती; ती घोटीच्या पावसात पडलेल्या भिंतीखाली गेली. मेलेल्या माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करता येत नाही. ती कबुली आता जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या कपाटातल्या नकलेत.

रंजनाने नव्याने रेकॉर्ड तयार करण्याचा अर्ज दिला. दोन्ही पक्षांनी आपापल्या नकला हजर कराव्यात, एवढीच मागणी. धाकटा दीर माझ्या ऑफिसात आला, दार लोटून घेतलं.

“म्याडम, आपल्याकडं काय नाय म्हणून सांगा.”

“आहे ना पण.”

“ते कोणाला म्हाईत हाय?”

बाररूममध्ये कुजबुज सुरू झाली होती की फाइल अनघाच्याच पक्षकाराने नाहीशी केली. रंजनाने अर्जात तसं लिहिलं असेल, याची मला खात्री होती. मीही तिच्या जागी लिहिलं असतं. अर्ज हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. माझ्याबद्दल अक्षर नव्हतं. सुनावणीला न्यायाधीशांनीच विचारलं, “प्रतिवादींकडे नक्कल असेल असं तुम्ही कशावरून म्हणता?” ती म्हणाली, “अनघामॅडम कच्चं काम ठेवत नाहीत, साहेब. असेल तर त्या देतील.” तिने मला रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही!

मी नक्कल हजर केली. दिरांनी माझं वकीलपत्र काढून घेतलं, वर गावभर बदनामी केली. हिराबाईंना जमीन मिळाली. आणि बाररूममध्ये पेढे कोणी वाटले? रंजनाने. केवढी हुशारी, केवढा एक पानी अर्ज… कौतुक सगळं तिचं. नक्कल माझी होती, हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

त्या संध्याकाळी कोर्टासमोरच्या टपरीवर तिने मला ओढत नेलं.

“मला माहीत होतं तू देशील.”

“फार चांगली आहे ना मी,” मी फणकारले.

“चांगली कसली? जळतेस तू माझ्यावर. पहिल्या दिवसापासून.” ती बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाली. “तुला मला खरंखुरं हरवायचंय. फाइल हरवून जिंकलेलं तुला पचलं असतं का?”

इतकी वर्षं जपलेली गोष्ट तिने चहाबरोबर पिऊन टाकली होती. त्यानंतर आमची मैत्री जास्त सोपी झाली, पण माझं जळणं कमी झालं नाही. तिच्यावर कुरघोडी केल्याचे दिवस मोजकेच, आणि ते मला पाठ आहेत.

तेराव्यानंतर तिच्या नवऱ्याचा फोन आला. ज्या दाव्यांत मी तिच्याविरुद्ध नाही, ते पक्षकारांनी माझ्याकडे द्यावेत, असं ती सांगून गेली होती. “नेमकं काय म्हणाली?” मी विचारलं. तो जरा घुटमळला. “म्हणाली, अनघा ते माझ्यापेक्षा चांगले चालवून दाखवायला जिवाचं रान करेल.”

आता तिच्या फाइल्स माझ्या कपाटात आहेत. तिच्या फाइलची नाडी एक टोक ओढलं की अलगद सुटते, आणि ओढलं नाही तर कितीही हलवा, सुटत नाही. शेजारी बसून इतकी वर्षं काढली, पण ही गाठ मी कधी पाहिलीच नव्हती. परवा निफाडचे एक द्राक्षवाले म्हातारे आले, तिचे जुने पक्षकार. “ताई असत्या तर…” म्हणून तीनदा सुस्कारले. मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, आणि ते उठायच्या आत फाइल बांधायला घेतली. गाठ निसटली. पुन्हा मारली, पुन्हा निसटली. म्हातारे बघत होते.

“तशी नाय, बाई,” ते म्हणाले. “आमच्या बागंत द्राक्षाच्या काड्या तारेला बांधायची गाठ हाय ती.” त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली, नाडीचा एक वेढा, एक फास, आणि बांधून माझ्यासमोर ठेवली. हुबेहूब तिच्यासारखी.