जोड्यांपाशी बसलेली पंच

सरकारनं कारभार गावाच्या हाती दिला, तेव्हाची गोष्ट. मी मावशीकडं किन्हीराजाले गेली होती. पंचायतीत एक बाईही घेतली होती बरं का, एवढं मोठं मन! फक्त थोरांसमोर सतरंजीवर कशी बसणार? म्हणून ती दाराशी, पंचांनी काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी. तिच्या वस्तीत विहीर नव्हती. तिनं विषय काढला की सरपंच म्हणत, "पुढच्या बैठकीत पाहू."

त्या दुपारी बैठक उठली. बाहेर भुई तव्यासारखी तापलेली, अन् सारे जोडे बाईच्या पदराखाली.

"हे काय करून राह्यली वं?" सरपंच ओरडले.

"राखण करून राह्यली, मामाजी," ती मान खाली घालूनच म्हणाली. "तुमीच तं मले इथं बसवलं. विहिरीचं ठरवा, मंग जोडे घाला."

सारे मुकाट परत बसले. ठराव एकमतानं झाला. गावाच्या भल्याची एवढी घाई पंचांना झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.