पिशवीतली काळी माती

नव्या रबराचा वास आला की मला पैठणकडची आमची काळी माती आठवते. वडिलांनी तेव्हा एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली होती. गुडघ्यांमुळं आईला चिखलातून चालवत नव्हतं, पावसाळाभर तिला शेत दिसायचं नाही, म्हणून. जीपचे टायर पार गुळगुळीत झालेले, तेव्हा आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. वडिलांनी पिशवीतून शेतातली ओली माती काढली आणि एकेका टायरच्या खाचांत थापायला लागले. दुकानदार हसला, "चाचा, टायर लेने कू आए कि घर लीपने कू?" वडील शांतपणे म्हणाले, "आमची माती लई चिकट हाय. जो टायर तिला सोडील, तोच आपला." रुंद खाचांचा एक टायर त्यांनी जमिनीवर आपटला, तसा मातीचा गोळा अलगद सुटून पडला. दुसऱ्याच दिवशी जीप गाडीवाटेनं डुलत निघाली. ढग खाली आले होते, चाकांमागं चिखल उडत होता, आणि पुढच्या सीटवर आई फोटो काढायला बसल्यासारखी, हात मांडीवर ठेवून बसली होती. शेतात पोचल्यावर ती उतरलीच नाही. दारातून वाकून तिनं कपाशीचं एक ओलं पान नुसतं हातात धरून ठेवलं. आता शेतापर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय, जीपची पुढची सीट रिकामी असते. काल जीपला नवे टायर घ्यायला गेल्यावर दुकानदारानं विचारलं, "रोडचेच टायर देऊ ना?" मी व्हय म्हणायला हवं होतं. पण पिशवीतली माती मी आधीच बाहेर काढली होती.