इंग्रज खलाशाची भाकर
तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आला की मला कॉलेजचं संमेलन आठवतं. एका इंग्रजी कादंबरीच्या जुन्या मराठी अनुवादातला उतारा तिथं वाचायचा होता. त्यातला उपाशी खलाशी कप्तानाला भाकर मागतो. जुने अनुवादक पावाला बिनदिक्कत भाकरच म्हणत. भाकर तर आमच्या घरची, म्हणजे वाचणार मीच, असं मी धरून चालले होते. ऐन वेळी सरांनी तो उतारा वाशिमच्या एका डॉक्टरांच्या मुलीला दिला. ती वाचत होती, आणि मला ऐकायला मेडशीहून एसटीनं आलेली माझी आई पदरानं डोळे पुसत होती. "पोरगी किती जीव लावून वाचून राह्यली वं," ती मला म्हणाली, "आण तिले एक दिवस जेवाले." पुढं घरातली पहिली पदवीधर मी झाले. तरी आई अजून त्या पोरीचं विचारते, आणि मी तिला अजून आणलेलं नाही.