पंप लागल्यावरचा जॅझ

१९९७, मार्चमधला शेवटचा रविवार. यावल, भाऊचं राहतं घर. हजर : माझा मोठा भाऊ (कॉटवर), शोभावहिनी, जळगावहून आलेला त्यांचा मुलगा संजय, शेजारचे डोंगरआबा आणि धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने पोहोचलेली मी. शाळेत सुपरवायझर असल्यामुळे आधी हजेरी लिहायची मला सवय आहे, म्हणून हे असं. बैठक वगैरे काही नव्हती. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. मंगळवारी भाऊ गेला.

त्या रविवारी दुपारी बाकीचे जेवायला बसले तेव्हा त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. बोलताना त्याला धाप लागत होती. म्हणाला, "सुमे, रेकॉर्डी कोणाला तरी दे… पण मी ऐकलं तसं ऐकेल, असा बघ." मी हो म्हटलं. अंगावर घेतलेलं काम मी सहसा पुरं करते, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर मला सांगितलं.

'मी ऐकलं तसं' म्हणजे कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. भाऊ फैजपूरला केळी उत्पादकांच्या एका मंडळात नोकरीला होता. केळीला वॅगन मिळवण्यासाठी त्याला सारखं भुसावळच्या मालधक्क्यावर जावं लागे. तिथे एका अँग्लो-इंडियन गार्डाशी त्याची ओळख झाली. ऐंशी सालच्या सुमाराला ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं आणि जाताना सामान विकायला काढलं. भाऊने त्यांचा रेकॉर्ड प्लेअर घेतला, तो लाकडाची पेटी आवडली म्हणून. एक खोकं भरून रेकॉर्डी त्याबरोबर आपसूक आल्या. त्या कसल्या, हे त्याला घरी येऊन लावेपर्यंत ठाऊक नव्हतं. जॅझ हा शब्द त्याने कव्हरवर वाचला. मग मात्र तो त्यातलाच झाला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून कोणी परदेशी निघालं की भाऊ त्यांच्या ओट्यावर हजर. मंडळाच्या कामाने मुंबईला गेला की परतताना बॅगेत कपडे कमी आणि रेकॉर्डी जास्त. मे महिन्यात पत्र्याखाली त्या वाकतात म्हणून मधल्या मातीच्या खोलीत धान्याच्या कोठ्या होत्या, त्या वहिनींना हलवायला लावल्या आणि तिथे रेकॉर्डी उभ्या लावल्या. वहिनी म्हणायच्या, "आमच्या गव्हाला ऊन लागलं तर चालतं यांना."

यावलमधलं घर गावाच्या टोकाला, मागे केळीचे मळे. घराची वीज आणि मळ्यातल्या पंपांची वीज एकाच डीपीवरून, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. भाऊ संध्याकाळी फैजपूरहून परतायचा त्या वेळी पंप चालू असत. पंप लागले की व्होल्टेज उतरे, घरातले बल्ब पिवळे पडत, पंख्याची पाती मोजता येत आणि रेकॉर्डही मंद फिरे. भाऊने पहिल्या दिवसापासून ती तशीच ऐकली. सॅक्सोफोन त्याच्या खोलीत असा वाजायचा की जड गळ्याचा कोणी माणूस विचार करून एकेक वाक्य बोलतोय. पंप बंद असताना रेकॉर्ड लावली तर ती पळे. त्याला वाटायचं, मशीनचा दोष आहे, मध्येच पिसाळतं. तेव्हा तो ते बंदच ठेवायचा. मराठी गाणी तो रेडिओवर ऐके आणि रेडिओ सेलवर चाले, त्यामुळे ताडून पाहायचा प्रसंगच आला नाही. डोंगरआबा कुंपणापलीकडच्या आपल्या मळ्यातून चिडवत, "भाऊ, तुमच्या बाजावाल्याले झोप लागली वाटते. पंप बंद करू का?" भाऊ घाईघाईने नको म्हणे. आबा हसत. "बरं झालं. नाहीतर मह्या केयी सुकत्या तुमच्या बाजापायी."

एकदा मी त्याला विचारलं होतं, की भाषा कळत नाही, देश माहीत नाही, यात तुला काय सापडतं. तो म्हणाला, "हा माणूस घाईत नाही गं. दिवसभर राबून आलाय आणि आता कुठे जायचं नाही त्याला." दिवसभर वॅगनसाठी साहेबांच्या मागे पळणाऱ्या माणसाला ते का लागत असेल, हे मला समजलं. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी धुळ्याला आमच्याकडे नवीन प्लेअर आला. त्या भाऊबीजेला भाऊ त्याची सर्वांत लाडकी रेकॉर्ड मलमलच्या कापडात गुंडाळून घेऊन आला. आपलं काहीतरी आम्हाला दाखवायला इतकं उत्सुक झालेलं मी त्याला क्वचितच पाहिलं. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून आम्ही सगळे बसलो. रेकॉर्ड सुरू झाली आणि भाऊने माझ्या यजमानांकडे पाहिलं. "तुमचं मशीन पळतंय." त्यांनी तपासलं. मग घरातली एक भावगीतांची रेकॉर्ड लावून दाखवली. ओळखीचा आवाज जसा हवा तसा आला. पुन्हा भाऊची लावली. पुन्हा तेच, चटपटीत, हसतमुख, पाय थिरकवणारं काहीतरी. माझी मुलं ताल धरायला लागली. त्यांना ते फार आवडलं.

भाऊ रेकॉर्ड संपेपर्यंत बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हा माणूस घाईतच होता… मग इतकी वर्षं मी कोणाला ऐकत होतो?"

यजमान म्हणाले, आता एक स्टॅबिलायझर घ्या, सगळं ठीक होईल. भाऊने घेतलाही. महिनाभर लावला आणि काढून संजयच्या टीव्हीला दिला. पुन्हा तो पंप लागायची वाट पाहू लागला. आता ते चुकीचं आहे हे माहीत असून.

नव्वदनंतर त्या वस्तीने शेतीची लाइन वेगळी करून मागायचं ठरवलं. मोटारी जळत होत्या, मुलांना अभ्यासाला उजेड पुरत नव्हता. अर्ज लिहायला सगळे भाऊकडे आले, कारण अक्षर आणि मुद्देसूद लिहिणं त्याचं. आणि त्याने तो लिहिला. मी वाचलाय, एकही मुद्दा सुटलेला नाही. नवीन डीपी बसली त्या दिवशी गल्लीत नारळ फुटला, पेढे वाटले. भाऊनेही वाटले. घरातले बल्ब पांढरे झाले ते कायमचे.

त्यानंतर तो फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवून पाहायचा. "मंद होतं," मला सांगत होता, "पण थरथरतं. म्हातारं वाटतं." पुढे तेही सोडलं. रेकॉर्डी पुसायचा, जागेवर ठेवायचा. मशीन झाकलेलं असे.

तो गेल्यानंतर मी कामाला लागले. पत्रं लिहिली, फोन केले. जळगावातल्या दोघांनी नको म्हटलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी सगळा संग्रह जपून ठेवायची तयारी दाखवली. माणूस सज्जन आणि जाणकार आहे. मशीन नको म्हणाले, त्यांच्याकडे उत्तम आहे, अचूक चालतं. मी पत्ता दिला आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, भाऊ 'मी ऐकलं तसं' म्हणाला होता, अचूक नव्हे.

मग मला एक उपाय सुचला. रेकॉर्डी जाण्याआधी भाऊच्या मशीनवर, भाऊच्या गतीने, निदान त्याची लाडकी एक तरी कॅसेटवर उतरवून ठेवायची. संजय जळगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याने पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर मशीनच्या मोटारीला जोडून दिला. मेच्या पहिल्या रविवारी मी कोरी कॅसेट घेऊन यावलला गेले. संजयने बटण फिरवलं आणि रेकॉर्ड मंद झाली. कल्पना बरोबर होती. पण किती मंद, हे कोणाला विचारायचं?

डोंगरआबा म्हणाले, "अजून हयू… अजून." संजय म्हणाला, आबा, इतकं हळू नव्हतं, हे तर रडतंय. वहिनींना विचारलं. त्या दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी चुलीपाशी असायचे. मला बल्ब तेवढा आठवतो." मी स्वतः त्या खोलीत कितीदा बसले असेन, पण ऐकण्यापेक्षा त्याच्याशी बोलतच बसले. आम्ही संध्याकाळपर्यंत बटण मागेपुढे करत राहिलो. एका जागी क्षणभर वाटलं, हाच तो… संजयने बटण पुन्हा तिथे आणलं तर वाजवणारा कोणी तिसराच निघाला.

पुण्याचे गृहस्थ जूनमध्ये टेम्पो घेऊन येणार आहेत. रेकॉर्डी खोक्यांत बांधून झाल्या, एक बाहेर ठेवली आहे. कॅसेट यंत्रात घातलेली आहे, कोरी. बटण कुठे ठेवायचं, ते ठरलेलं नाही.