जगदेवीबाई सह्याद्री झाल्या तेव्हा

पडदा वर जातो तो थेट निळ्या आभाळापर्यंत. मागे कणसावर आलेली ज्वारी, उजवीकडे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटासारखी केलेली कोप, तिच्यात नुकतीच पूजा झालेली लक्ष्मी, आणि मधोमध, हिरव्या इरकलीवर घोंगडं पांघरून उभा असलेला सह्याद्री. सह्याद्रीचं नाव जगदेवीबाई, मुक्काम उदगीरजवळचं स्वतःचं शेत, वय साठीपार, उंची बेताचीच. इतका खुशीत असलेला डोंगर जगात दुसरा झाला नसेल.

खुशीला कारण होतं. लहानपणी उदगिरात नाटकाचा तंबू लागला की जगदेवी घरी आरशासमोर राजा, राणी, प्रधान सगळं एकटीच व्हायची. शाळेत एकदा काम मिळालं, तर तोंडाला रंग लागायच्या आत वडिलांनी हाताला धरून घरी आणलं. पुढे लग्न झालं, दुकान झालं, नातवंडं झाली. टाळ्या तेवढ्या राहून गेल्या. एकदा तरी आपल्यासाठी टाळ्या पडाव्यात, ही हौस त्या सुनेच्या कानावर रोज भाकरी थापता थापता घालत.

सून मंजुश्री शाळेत भूगोल शिकवते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भाज्या-शेंगांची भज्जी खायला आणि ताकातली आंबील प्यायला गावोगावचे पाहुणे येतात. तिनं ठरवलं, जेवणाआधी वाळवंट कसं तयार होतं ते दाखवायचं. सासूला डोंगर केलं. अटी दोनच: हलायचं नाही आणि बोलायचं नाही. दुसरी अट जगदेवीबाईंना जन्मठेपेसारखी होती, पण कलेसाठी त्यांनी तीही कबूल केली.

ढग झाले जगदेवीबाईंचे धाकटे दीर वीरण्णा. डोक्यावर आंबिलीनं भरलेलं मडकं घेऊन ते अरबी समुद्राकडून, म्हणजे विहिरीकडून, डुलत डुलत आले. मंजुश्री सांगत होती: ढग डोंगराला अडतो, वर चढतो, चढता चढता गार होतो आणि होतं नव्हतं ते अलीकडंच सांडतो. अलीकडच्या पाहुण्यांचे पेले काठोकाठ भरले. पलीकडे उतरून वीरण्णांनी मडकं उलटं केलं, एक थेंब पडला नाही. म्हणून आपल्याकडं पाऊस कमी, ती म्हणाली. आणि डोंगर याहून उंच, समुद्र याहून लांब असला की पलीकडं गोबीसारखं वाळवंटच होतं. सहाराची तऱ्हा निराळी. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, तिथंच पाऊस पाडून मोकळी होते आणि दूर जाऊन कोरडी ठणठणीत खाली उतरते. ती उतरणारी हवा ढगाला धरूच देत नाही.

पलीकडच्या पाहुण्यांत एक जण गोबी झाला होता; सहाराचं काम अर्धापूरहून आलेल्या शेषेरावांकडे होतं. रिकामा पेला धरून बसायचं, बस्स. पण माणूस हाडाचा नट निघाला. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि असा सुस्कारा टाकला की अलीकडच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

घोंगड्याखाली सह्याद्रीला घाम फुटला. येळवशीला या शेतात रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात, आणि इथं बोलावलेला पाहुणा कोरड्या पेल्यानं बसला होता. मंजुश्रीची दोन वाक्यं उरली होती, मग टाळ्याच. जगदेवीबाईंनी डोळे मिटून घेतले. शेषेरावांनी आणखी एक सुस्कारा टाकला.

डोंगर हलला. कोपीतून आंबिलीचं दुसरं मडकं कमरेवर घेऊन तो तडक सहारात शिरला. शेषेराव पेला पाठीमागं लपवत कळवळून म्हणाले, "बाई, आमी वाळवंट हावत. आमाला चालत न्हाई." डोंगरानं त्यांचा हात पुढं ओढून पेला सांडेपर्यंत भरला आणि गोबीकडं मोर्चा वळवला.

"आत्या," मंजुश्रीनं कपाळाला हात लावला, "सह्याद्री आफ्रिकेत कुठं निघाला?"

हशा असा उसळला की ज्वारीतली पाखरं उडाली, आणि हशामागोमाग टाळ्या आल्या. अलीकडून आल्या, पलीकडून आल्या, सहारानं तर पेला खाली ठेवून दोन्ही हातांनी वाजवल्या. जगदेवीबाई मडक्यासकट थबकल्या. घोंगडं सावरून त्यांनी चहूबाजूंना वाकून मुजरा केला. गाल आरशासमोरच्या पोरीसारखे लाल झाले होते. मग सुनेकडं वळून त्या म्हणाल्या,

"मंजुश्री, तुझ्या वाळवंटाला सांग, उद्यापासनं कोरडं ऱ्हा म्हणावं. आज येळवस हाय."